मत मागायला आलात, आता शाळेचं बोला

जिल्हा परिषदेचा उमेदवार दारात आला की तो काय बोलणार हे आता सगळ्यांना पाठ झालंय. रस्ता, गटार, पाण्याची टाकी, हायमास्ट, सभामंडप. शाळेचं नाव निघालंच तर एका वाक्यात, डिजिटल शाळा करू, ई-लर्निंग देऊ, आणि पुढच्या घरी. मला हे फार खटकतं, कारण ज्या संस्थेत बसायला हा माणूस मत मागतोय तिच्या मोठ्यातल्या मोठ्या कामांपैकी एक काम म्हणजे शाळा चालवणं. गावातली मराठी शाळा जिल्हा परिषदेची असते, पाटीवरच तसं लिहिलेलं असतं, इमारत जिल्हा परिषदेची, शिक्षक जिल्हा परिषदेचे कर्मचारी, आणि कुठली खोली पाडायची कुठली बांधायची त्याची फाईल फिरते ती पण जिल्हा परिषदेतच. शहरात तेच महापालिकेचं आणि नगरपालिकेचं. एकट्या मुंबई महापालिकेचं शिक्षणाचं बजेट २०२५-२६ ला ३,९५५ कोटींच्या घरात होतं. एवढा पैसा ज्यांच्या सहीनं खर्च होणार त्यांना निवडणुकीत कुणी एकदा तरी विचारलं का की आमच्या वॉर्डातल्या शाळेत सातवीला गणिताचा शिक्षक का नाही?

तर माझं म्हणणं सरळ आहे. जिल्हा परिषद असो, पंचायत समिती असो, नगरपालिका असो की महापालिका, मतदानाच्या आधी त्या गटातल्या किंवा प्रभागातल्या सगळ्या उमेदवारांना पालकांनी एकत्र बोलवावं, एका ठिकाणी बसवावं आणि फक्त शाळेवर दोन तास बोलायला लावावं. हार नको, सत्कार नको, नेत्यांची भाषणं नकोत. पालक विचारतील, उमेदवार उत्तर देईल, आणि जे बोलला ते कुणीतरी लिहून घेईल.

आपल्याकडे ही मागणी नवीन नाहीये. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे, म्हणजे इंग्रज सरकारनं नेमलेल्या शिक्षण आयोगापुढे, जे निवेदन दिलं त्यात बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना सक्तीचं शिक्षण द्या असं तर म्हटलंच, पण त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट ठासून मांडली होती, की सरकारला पैसा मिळतो तो कष्ट करणाऱ्या रयतेकडून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर. पैसा कुणाचा आणि शिकतंय कोण हा हिशोब त्या माणसानं तेव्हा मागितला होता. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं. नंतर १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यात जिल्ह्यांना आणि नगरपालिकांना स्कूल बोर्डं होती, जुनी माणसं अजून पण "स्कूल बोर्डाची शाळा" असंच म्हणतात. महापालिकेच्या शिक्षण मंडळात नगरसेवक मतदान करून सदस्य पाठवायचे, म्हणजे पालकांचं थेट मत तिथेही नव्हतंच. मग २०१३ मध्ये राज्यानं ही मंडळं बंद करायचं ठरवलं. खरेदीतल्या भानगडी, नातेवाईकांच्या नेमणुका, असे आरोप त्यांच्यावर वर्षानुवर्षं होत होते आणि त्यातले बरेचसे लोकांना पटण्यासारखे होते. पण मंडळ गेल्यावर त्याच्या जागी पालकांसमोर उभं राहणारं कोण आलं? महापालिकेत उपायुक्त आले, शिक्षणाधिकारी आले. त्यातले कितीतरी जण जीव तोडून काम करतात, पण त्यांना मत मागायला दारात यावं लागत नाही आणि तीन वर्षांनी बदली होते.

त्यात गेली काही वर्षं तर निवडून आलेलं कुणी नव्हतंच. २०२२ मध्ये मुदत संपली आणि राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा, महापालिका प्रशासकाकडे गेल्या, ओबीसी आरक्षणाचा खटला, प्रभाग रचना, तारखांवर तारखा, शेवटी सुप्रीम कोर्टानं मे २०२५ मध्ये निवडणुका घ्या म्हणून सांगितलं तेव्हा कुठे चाक हललं. या सगळ्या काळात जिल्हा परिषदेची शिक्षण समिती नाही, शिक्षण सभापती नाही, सदस्य नाही. २०२२ ला पहिलीत गेलेलं मूल प्रशासकाच्या काळातच चौथीपर्यंत पोचलं. त्याच्या शाळेबद्दल सभागृहात एक प्रश्न विचारला गेला नाही, कारण सभागृहच भरत नव्हतं.

आता कुणी म्हणेल की शाळेसाठी कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती दिलीय की, उमेदवार कशाला पाहिजे. बरोबर आहे, दिलीय, आणि फार चांगली दिलीय. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला, त्याच्या कलम २१ मध्ये लिहिलंय की समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक पाहिजेत, निम्म्या बायका पाहिजेत, वंचित घटकातल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा पाहिजे. शाळेचं काम कसं चाललंय बघणं, आलेलं अनुदान कुठे खर्च झालं बघणं, शाळा विकास आराखडा तयार करणं, ही सगळी कामं समितीची. आपल्याकडे अध्यक्ष पालकांमधूनच होतो आणि मुख्याध्यापक सचिव असतो.

मी स्वतः एका शाळेच्या एसएमसीत, म्हणजे याच शाळा व्यवस्थापन समितीत, होते म्हणून सांगते. पालकसभेची नोटीस निघते ती फळ्यावर, ज्या दिवशी निघते त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सभा, तेव्हा निम्मे पालक कामावर नाहीतर रानात. जे येतात त्यांच्यातून कुणीतरी नाव सुचवतं, कुणीतरी अनुमोदन देतं, आणि झाली निवड बिनविरोध. नंतर प्रोसिडिंगचं रजिस्टर घरी येतं सहीला, मुलगाच घेऊन येतो दप्तरातून. कशावर सही करतोय ते वाचायला पण कुणाला वेळ नसतो. शाळा विकास आराखडा हा शब्द मला सदस्य होऊन बरेच महिने झाल्यावर कळला, आणि तो आराखडा मागितला तेव्हा मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काळजी होती, कारण त्यांना तो एकट्यानं रात्री बसून भरायला लागला होता. दोष त्यांचा एकट्याचा नाही. पण समितीला दात नाहीत हे खरंय. शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वरखर्चाचं संयुक्त अनुदान येतं, ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार रुपये. त्यात खडू, झाडू, वीजबिल, नळाची तोटी, रंग. छप्पर गळतंय तर समिती काय करणार, ठराव करणार, आणि ठराव जाणार गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, तिथून जिल्हा परिषदेत. आणि तिथे त्या ठरावाच्या मागे उभं राहणारा माणूस म्हणजे आपण मत दिलेला सदस्य. म्हणून तर उमेदवार पाहिजे.

समितीला खरोखर काम दिलं की ती करते याचं ताजं उदाहरण गणवेशाचं आहे. पूर्वी गणवेशाचे पैसे शाळेला यायचे, समिती गावातल्या नाहीतर तालुक्यातल्या दुकानातून कापड घ्यायची, शिंप्याकडून शिवून घ्यायची, मापं मुलांची घेतलेली असायची. मग "एक राज्य एक गणवेश" आलं. २०२४-२५ ला कापड एकत्र खरेदी केलं, शिवायचं काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांना दिलं. जूनमध्ये शाळा उघडली, पंधरा ऑगस्ट गेला, तरी कितीतरी शाळांत गणवेश नव्हते, आणि आले त्यात कुणाची बाही लांब कुणाची पँट आखूड. शिवणाऱ्या बायकांची चूक नाही यात, त्यांना मापंच धड मिळाली नव्हती. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनंच निर्णय फिरवला आणि गणवेश परत शाळा व्यवस्थापन समितीकडे दिला. एक अख्खं वर्ष मुलं जुन्या कपड्यात शाळेत गेली. तेव्हा जिल्हा परिषदेत निवडून आलेली माणसं असती आणि पालकांनी त्यांना धरलं असतं तर हे जुलैतच थांबलं असतं असं मला वाटतं.

आता सगळ्यात अवघड प्रश्न, पटसंख्येचा. राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा आहेत अशी आकडेवारी सरकारनं दिली होती, त्यात सुमारे १ लाख ८५ हजार मुलं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये समूह शाळेची कल्पना पुढे आली, पानशेत आणि तोरणमाळचं उदाहरण देऊन, की आजूबाजूच्या छोट्या शाळा एकत्र करून एक मोठी चांगली शाळा करू, मुलांना गाडीनं आणू. त्यानंतर १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक हे ठरवणारा, शासन निर्णय आला आणि सहावी ते आठवीला वीसपेक्षा कमी मुलं असतील तर शिक्षकाचं पदच मिळत नाही अशी वेळ आली. शिक्षक संघटना रस्त्यावर आल्या, कोर्टात गेल्या, पेपरात छापून आलं. पण ज्या वाडीतली शाळा जाणार त्या वाडीतल्या आईबापांना समोर बसवून कुणी विचारलं का?

मी आंधळेपणानं प्रत्येक शाळा टिकवा असं म्हणणारी नाहीये. जिथे एकाच गावात पाव किलोमीटरवर दोन शाळा आहेत आणि दोन्हीत आठ-आठ पोरं आहेत तिथे एकत्र केल्यानं मुलांचं भलंच होईल, खेळायला गडी मिळतील, एका शिक्षकाच्या गळ्यात चार इयत्ता पडणार नाहीत. पण डोंगरात, ओढ्यापलीकडे, ऊसतोडीच्या पट्ट्यात, पाड्यावर हे गणित लागू होत नाही. पाचवीपर्यंत शाळा एक किलोमीटरच्या आत पाहिजे आणि आठवीपर्यंत तीन किलोमीटरच्या आत, हे नियमातच आहे, कुणी मेहेरबानी करत नाहीये. गाडी देऊ म्हणतात, पण जुलै-ऑगस्टमध्ये ती गाडी वाडीपर्यंत येते का, ड्रायव्हरचा पगार थकला की काय, आणि सातवीतली मुलगी एकदा घरी बसली की ती परत शाळेत जाते का, ही उत्तरं मंत्रालयात बसून मिळत नाहीत. म्हणून त्या गटाच्या उमेदवारानं मतदानाच्या आधी सांगायला पाहिजे की माझ्या गटात अशा शाळा इतक्या, यातल्या या मी वाचवणार, यातल्या या एकत्र करायला माझी हरकत नाही, आणि का. मग मतदार ठरवेल. हे उत्तर द्यायचं तर त्याला आधी स्वतःच्या गटातल्या शाळा फिरायला लागतील, आणि तेवढं झालं तरी खूप झालं.

पट का कमी झाला हे पण बोलायलाच पाहिजे आणि इथे पालकांनी स्वतःकडे बघायला पाहिजे. सकाळी पिवळ्या व्हॅन येतात आणि वाडीतली पोरं वीस किलोमीटरवरच्या इंग्लिश मीडियमला घेऊन जातात, बाप कर्ज काढून फी भरतो. मी त्याला नावं ठेवणार नाही, कुणाला आपलं लेकरू पुढे जावं वाटत नाही. पण जिथे शिक्षक आणि गाव दोघं मिळून मनावर घेतात तिथे उलटं पण होतं. पुणे जिल्ह्यातच खेड तालुक्यात जालिंदरनगरची जिल्हा परिषदेची शाळा आहे, बंद पडायच्या टोकाला आली होती, ती गावानं आणि शिक्षकांनी अशी उभी केली की २०२५ मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांवरचं बक्षीस तिला मिळालं. जिल्हा परिषदेची शाळा म्हणजे गरिबाची नाइलाजाची शाळा हे काही कपाळावर लिहिलेलं नाही.

मला सगळ्यात जास्त ज्याची भीती वाटते ती गोष्ट मात्र इमारतीची नाही, वाचनाची आहे. असर म्हणजे खेड्यातल्या मुलांचं वाचन-गणित तपासणारी पाहणी, तिच्या २०२४ च्या अहवालात देशातल्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत पाचवीच्या निम्म्याहून जास्त मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचता येत नाही असं आलं. कोरोनानंतर सुधारणा आहे, पण आहे ते असं आहे. आठवा २०२५ चा उन्हाळा, पहिलीपासून हिंदीचा विषय निघाला. १६ एप्रिलला शासन निर्णय आला, १७ जूनला बदलला, आणि २९ जूनला दोन्ही मागे घ्यावे लागले. अडीच महिन्यांत सरकारला माघार घ्यायला लावली महाराष्ट्रानं, चहाच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत सगळे पहिलीतल्या मुलाबद्दल बोलत होते. मला त्या आंदोलनाचा अभिमान आहे. मराठीसाठी जे लोक एवढे एकत्र आले त्यांनी आता आपल्या शेजारच्या शाळेत जाऊन तिसरीतल्या मुलाला मराठीतला एक परिच्छेद वाचायला सांगावा, आणि तो अडखळला तर उमेदवाराला विचारावं. भाषा वाचायची असेल तर ती आधी त्या मुलाला वाचता आली पाहिजे ना.

यावर नेहमी एक आक्षेप येतो आणि तो मला हलका वाटत नाही. लोक म्हणतात, शाळेत राजकारण आणू नका. पुढाऱ्यांनी बदल्यांमध्ये काय काय केलं ते आम्ही पाहिलंय. हो, पाहिलंय. २०१७ पासून जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन झाल्या आणि ते चांगलंच झालं, नवरा-बायको दोन टोकांना आणि वशिल्याचा माणूस घराशेजारी हे बरंच कमी झालं. भरती पवित्र पोर्टलवर गेली ते पण चांगलं. ते परत सदस्यांच्या हातात द्या असं मी म्हणतच नाहीये. पण राजकारण शाळेत आत्ता नाहीये का? वर्गखोल्यांचं काम कुणाच्या ओळखीच्या ठेकेदाराला मिळतं, जिल्हा नियोजनचा निधी कुठल्या गावाला आधी जातो, कुणाच्या शाळेतला शिक्षक प्रतिनियुक्तीवर तालुक्याच्या ऑफिसात बसतो, यात राजकारण आहेच, फक्त ते बंद खोलीत आहे. ते चार लोकांसमोर आणा एवढंच मागणं आहे.

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी स्कूल बोर्ड थेट मतदानानं निवडतात, न्यू जर्सीत कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्या मराठी लोकांना हे चांगलं माहीत आहे. उमेदवार पालकांसमोर बसतात आणि स्कूल बस, बजेट, शिक्षकांचे पगार, सगळ्यावर बोलतात. तिथेही सगळं गोड नाहीये, मतदान कमी होतं, आणि २०२१ नंतर मास्कवरून, लायब्ररीतल्या पुस्तकांवरून बोर्डाच्या मीटिंगा भांडणाचे आखाडे झाले. तरी माणूस समोर बसून उत्तर देतो, ही एक गोष्ट घेण्यासारखी आहे. एवढं लांब पण जायला नको, दिल्लीत २०१५ मध्ये सरकारी शाळांत एसएमसीसाठी पालकांचं मतदान घेतलं होतं. आपल्याकडे कुणाला सुचलं तर अशक्य काही नाही.

उमेदवार एक पळवाट काढणार हे मला माहीत आहे. "ताई, पगार सरकार देतं, भरती पोर्टलवर, बदल्या ऑनलाइन, आमच्या हातात काय राहिलंय?" त्याला सांगा की पुष्कळ राहिलंय. धोकादायक खोल्यांच्या निर्लेखनाचे, म्हणजे त्या मोडीत काढून पाडायचे, प्रस्ताव किती दिवस पडून आहेत ते सदस्य विचारू शकतो. २५ जुलै २०२५ ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीत शाळेचं छत कोसळून ७ मुलं गेली, आपल्याकडे तसं व्हायची वाट बघायची का? जिल्हा परिषदेचा स्वतःचा सेस फंड, म्हणजे स्वतःच्या उत्पन्नाचा निधी, असतो, त्यातून किती शाळेला आणि किती पेव्हर ब्लॉकला हे सदस्यच ठरवतात. २०२५ च्या जानेवारीत पोषण आहारातल्या अंड्यांचा निधी राज्यानं थांबवला आणि लोकसहभागातून करा म्हणाले, मग तुमच्या गटातल्या पोरांना आठवड्यातून एक अंडं मिळावं म्हणून तुम्ही काय करणार? शिक्षक फोटो अपलोड करण्यात आणि लिंक भरण्यात किती तास घालवतो? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बाकी बिगरशैक्षणिक कामं शिक्षकाला देता येत नाहीत, हे शिक्षण समितीत बसून कोण मांडणार? मुलींचं स्वच्छतागृह आहे, पण त्यात पाणी आहे का? यातला एकही प्रश्न मुंबईला जाऊन सोडवायचा नाहीये.

शिक्षकांनी या सभेत बोलू नये, ते सरकारी नोकर आहेत आणि आचारसंहितेत अडकतील, म्हणून पुढाकार पालकांनीच घ्यायचा. शाळेच्या आवारात परवानगीची भानगड असेल तर ग्रामपंचायतीचा हॉल घ्या, देवळाचा पार घ्या. वेळ संध्याकाळची ठेवा, बायका स्वयंपाक आटपून आणि मजूर कामावरून येऊ शकतील अशी. सगळ्या पक्षांना एकच निरोप, एकाच दिवशी, आणि जो आला नाही त्याची खुर्ची रिकामी ठेवा.

आणि निवडणूक झाली की हे संपत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत स्थानिक संस्थेतल्या निवडून आलेल्या सदस्याची एक जागा नियमातच आहे, साधारण ग्रामपंचायत सदस्याची किंवा नगरसेवकाची. आपापल्या शाळेत जाऊन प्रोसिडिंगचं रजिस्टर मागा आणि त्या नावापुढे गेल्या वर्षभरात किती सह्या आहेत ते बघा. त्या सह्या बैठकीत बसून केलेल्या आहेत की घरी पाठवून घेतलेल्या, ते विचारा, आणि पुढच्या बैठकीची तारीख त्या सदस्याला लेखी कळवा.